आवकेच्या फाइलमधली प्रश्नचिन्हं

पत्र : मी बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. मामांचं सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे. रोजची आवक लिहायला मी जावात एक छोटा प्रोग्रॅम केला. शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती, वजन, दर आणि शेरा एवढं स्वल्पविरामानं तोडून एका सीएसव्ही फाइलमध्ये जातं. घरच्या लॅपटॉपवर (जावा २१) सगळं नीट चालतं. दुकानातल्या जुन्या पीसीवर (जावा ८) मात्र नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात. एकदा सकाळी प्रोग्रॅम उघडला तर आदल्या दिवशीची फाइल कोरी. परवा दुपारी लाईट गेली आणि सकाळपासूनच्या नोंदी गेल्या. कधी कधी फाइल समोर दिसत असताना ‘फाइल नॉट फाउंड’ म्हणतो. कॉलेजात सरांनी सुचवलं, ओळी लिहीत बसण्यापेक्षा ऑब्जेक्टआउटपुटस्ट्रीम वापरून ऑब्जेक्टच थेट फाइलमध्ये टाक. दिवाणजी म्हणतात, आपली वहीच बरी. काय करू?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : दिवाणजींचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही. त्यांची रोजकीर्द कधी कोरी होत नाही, लाईट गेली तरी शाई उडत नाही, आणि काल मोडीत लिहून आज देवनागरीत वाचायचा प्रयत्न कुणी करत नाही. तुमच्या प्रोग्रॅमकडून या तिन्ही चुका होतायत. (या सदरात कोडही देवनागरीत छापतो, टाइप करताना अर्थातच रोमन.)

आधी प्रश्नचिन्हं, कारण त्यात नुकसान कायमचं आहे.

तुम्ही फाइलरायटर (जावातला फाइल लिहिणारा क्लास) वापरलाय आणि एन्कोडिंग, म्हणजे अक्षरांचे बाइट कसे करायचे तो नियम, सांगितलेलं नाही, हे पत्रावरूनच कळतं. न सांगितलं की जावा स्वतःच्या मनानं ठरवतो. जावा १८ पासून, म्हणजे २०२२ पासून, ते सगळीकडे यूटीएफ-८ असतं, ज्यात देवनागरीसकट सगळ्या लिपी मावतात. त्याआधीच्या जावात ते विंडोजच्या सेटिंगवरून घेतलं जायचं, आणि आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर ते सहसा ‘विंडोज-१२५२’ निघतं. ही पश्चिम युरोपातल्या भाषांची लिपिसंच-यादी. तिच्यात देवनागरीचं एकही अक्षर नाही. फाइलरायटरला अक्षर सापडलं नाही की तो तक्रार न करता तिथं प्रश्नचिन्ह लिहून पुढं जातो. म्हणून तोच प्रोग्रॅम घरी शहाणा आणि दुकानात वेडा.

नक्की कुठं बिघडतंय हे बघायला डोळ्यांवर विसंबू नका. विंडोजची काळी खिडकी चांगल्या फाइलमधली नावंही प्रश्नचिन्हांत दाखवते. बाइट मोजा. तुमच्याच प्रोग्रॅमच्या नावाच्या चौकटीत ‘सांगली’ एवढाच शब्द टाइप करा आणि तो एकटा, पुढं नवी ओळ न टाकता, एका चाचणी फाइलमध्ये लिहा. मग फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘साइज’ बघा, ‘साइज ऑन डिस्क’ नव्हे. आपल्या लेखी ‘सांगली’ तीन अक्षरी. संगणकाच्या लेखी स, काना, अनुस्वार, ग, ल आणि दीर्घ वेलांटी अशी ६ चिन्हं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. तेव्हा :

१८ बाइट आले तर लिहिणं ठीक आहे. ६ आले तर सहा प्रश्नचिन्हं लिहिली गेली आणि मूळ नाव त्या फाइलमध्ये आता नाही; कुठल्याही सॉफ्टवेअरनं ते परत येणार नाही. ती नावं पट्ट्यांच्या (पावत्यांच्या) कार्बन प्रतींवरूनच पुन्हा भरावी लागतील. २१ आले तर सुरुवातीला बीओएम नावाचं अदृश्य चिन्ह आहे, त्याच्याबद्दल पुढं येतंच. आणि ३९ आले तर फाइल दोनदा बाटली आहे : बरोबर लिहिलेलं कुणीतरी १२५२ समजून वाचलं आणि तेच पुन्हा यूटीएफ-८ मध्ये लिहिलं. अशा फाइलमध्ये नावांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्याच्या शेजारी चार कोपऱ्यांना चार काड्या असलेलं गोल चिन्ह, ही जोडी पुन्हा पुन्हा दिसते.

हा दुसरा प्रकार तुमच्याकडे अजून झालेला नसेल, पण अर्धवट दुरुस्ती केलीत तर हमखास होईल. लिहिणारा भाग बदलला आणि वाचणारा तसाच जुन्या फाइलरीडरवर राहिला, की दुकानात फाइल वाचून पुन्हा सेव्ह करताना हेच घडतं. दोनदा बाटलेलं उलटं फिरवता येतं असं बरेच जण सांगतात. मराठीत ते अर्धंच खरं आहे. १२५२ मध्ये ५ बाइट कुणालाच नेमून दिलेले नाहीत, आणि दुर्दैवानं आपलं हलन्त, ऱ्हस्व उकार, ‘ए’ आणि ‘झ’ यांचे शेवटचे बाइट नेमके त्या ५ जागांवर पडतात. जावा तिथं ‘ओळख पटत नाही’ अशी खूण ठेवतो आणि मूळ बाइट विसरतो. त्यामुळे सांगली, मिरज, तासगाव, विटा धड परत येतील. कुपवाडचा उकार आणि आष्ट्याचं जोडाक्षर येणार नाही. शेतकऱ्यांच्या नावांत जोडाक्षरं किती असतात ते तुम्हीच बघा.

उपाय एकच : वाचताना आणि लिहिताना, दोन्हीकडे, एन्कोडिंग स्वतः लिहायचं. फाइलरायटरला एन्कोडिंग सांगायची सोय जावा ११ पासून आली, म्हणजे दुकानात ती नाही. पण फाइल्स.न्यूबफर्डरायटर आणि फाइल्स.न्यूबफर्डरीडर जावा ७ पासून आहेत, दोन्ही मशिनवर चालतील. त्यांचा आणखी एक गुण असा की ते गप्प बसत नाहीत. लिहिता न येणारं अक्षर आलं किंवा वाचताना बाइट चुकीचे निघाले तर एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) देऊन थांबतात. हिशोबाच्या कामाला असाच भांडखोर माणूस हवा. शॉर्टकटमध्ये ‘फाइल डॉट एन्कोडिंग’चा पर्याय घालूनही काम भागतं, पण उद्या कुणी दुसऱ्या आयकॉनवरून प्रोग्रॅम उघडला की पुन्हा प्रश्नचिन्हं. दुकानातच कंपाइल करत असाल तर कंपायलरलाही यूटीएफ-८ सांगा, नाहीतर कोडमधली मराठी शीर्षकंच मोडतील.

आता सकाळची कोरी फाइल. फाइलरायटरला नुसतं नाव दिलं की तो फाइल उघडतानाच तिला रिकामी करतो. काही लिहायच्या आधी, उघडल्या क्षणी. म्हणजे सकाळी कुणी प्रोग्रॅम उघडून लगेच बंद केला तरी कालचा दिवस गेला. जुन्या पद्धतीत नावापुढं ‘ट्रू’ द्यायचं असतं, तेव्हा तो शेवटाला जोडतो. नव्या पद्धतीत क्रिएट आणि अपेंड असं स्पष्ट सांगायचं. काहीच सांगितलं नाही तर न्यूबफर्डरायटरही फाइल रिकामीच करतो, तेव्हा ‘नवी पद्धत वापरली, आता सुटलो’ असं समजू नका.

लाईट गेल्यावरचं नुकसान यापेक्षा वेगळं. लिहिलेली ओळ लगेच डिस्कवर जात नाही, ८,१९२ एवढ्या मापाच्या बफरमध्ये साठते. कच्च्या कागदावर टिपून ठेवायचं आणि कागद भरला की वहीत उतरवायचं, तसा प्रकार. मराठी नाव-गाव असलेली एक ओळ साधारण ११० बाइटची धरली तर एका बफरात ७० ते ७५ ओळी मावतात. दुकानात तर अख्खं चिन्ह एका बाइटच्या प्रश्नचिन्हात बसतंय, ओळ आखूड, म्हणजे अडकलेल्या ओळी आणखी जास्त. तुमचा प्रोग्रॅम बहुधा सकाळी फाइल उघडतो आणि संध्याकाळी बंद करताना क्लोज करतो. मध्ये वीज गेली की कच्चा कागद गेला. फाइलचा आकार शून्य किंवा ८ केबीच्या पटीच्या जवळपास दिसला आणि शेवटची ओळ मध्येच तुटलेली असली, तर हेच झालंय असं बिनधास्त समजा.

दिवसाकाठी काही शे नोंदींचं काम असेल तर फाइल दिवसभर उघडी ठेवायची गरजच नाही. नोंद आली, फाइल उघडली, ओळ जोडली, बंद केली. असं :

```
ट्राय (बफर्डरायटर वही = फाइल्स.न्यूबफर्डरायटर(
        फाइल, स्टँडर्डचार्सेट्स.यूटीएफ_८,
        क्रिएट, अपेंड, डीसिंक)) {
    वही.राइट(नोंद.ओळ());
    वही.न्यूलाइन();
}
```

ट्रायच्या कंसात उघडलेली फाइल मध्ये एक्सेप्शन आलं तरी बंद होतेच. डीसिंक कशाला? क्लोज केल्यावर जावाचा कच्चा कागद रिकामा होतो, पण विंडोजचा स्वतःचाही एक असतो. डीसिंक दिलं की मजकूर खाली डिस्कपर्यंत पोचेपर्यंत पुढं जायचं नाही. त्यामुळे लिहिणं थोडं हळू होतं. एका नोंदीमागं ते जाणवणार नाही, पण एका दमात ५०,००० ओळी लिहायच्या असतील तर डीसिंक लावून नोंदीगणिक उघड-बंद करू नका. यूपीएस तरीही घ्याच.

प्रिंटरायटर वापरला असेल तर तोही काढा. लिहायला सोपा आहे, पण डिस्क भरली किंवा पेनड्राइव्ह मध्येच काढला तरी तो एक्सेप्शन देत नाही. चेकएरर विचारलं तरच कबूल होतो, आणि ते कुणी विचारत नाही. त्याच माळेतला दुसरा मणी म्हणजे रिकामा कॅच (एक्सेप्शन पकडणारा भाग). तुमच्या कोडमध्ये ‘कॅच’पुढं नुसता महिरपी कंस उघडून मिटलेला असेल, तर तिथं आजच पडद्यावर लाल अक्षरांत संदेश टाका : ‘नोंद साठली नाही, वहीत लिहा’. हमालानं पोतं मोजलं नाही आणि सांगितलंही नाही, तर संध्याकाळी जुळणार काय?

‘फाइल नॉट फाउंड’चं नाव फसवं आहे. फाइल जागेवर असते, पण मामांनी ती एक्सेलमध्ये उघडून ठेवलेली असते आणि एक्सेलनं तिच्यावर कुलूप घातलेलं असतं. फाइलरायटर त्यालाही ‘सापडली नाही’ असंच म्हणतो. खरं कारण कंसातल्या इंग्रजी वाक्यात असतं, ते वाचा. एक्सेल बंद करून पुन्हा तेच आलं तर पत्ता तपासा. नुसतं फाइलचं नाव दिलं की ती प्रोग्रॅम जिथून सुरू झाला त्या फोल्डरमध्ये शोधली जाते, आणि तो फोल्डर एडिटरमधून चालवताना वेगळा, शॉर्टकटवरून वेगळा. सुरुवातीलाच टूऍब्सोल्यूटपाथ छापून बघा, पाच मिनिटांत उलगडा होतो. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट (एक्स्टेन्शन) लपवतं म्हणून नोटपॅडनं ‘सीएसव्ही’पुढं गुपचूप ‘टीएक्सटी’ चिकटवलंय का, तेही बघून घ्या.

पत्त्यावरून आठवलं. जावात उलटी तिरकी रेघ आणि पुढं रोमन ‘एन’ म्हणजे नवी ओळ, ‘टी’ म्हणजे टॅब. त्यामुळे रोमनमध्ये लिहिलेला ‘नोंदी’ फोल्डर पत्त्यात दोन ओळींत तुटतो आणि ‘तारीख’च्या आधी मोठी फट पडते. ‘उधारी’ तर कंपाइलच होत नाही, कारण रेघेपुढचा ‘यू’ जावा युनिकोडची सुरुवात समजतो, अगदी कॉमेंटमध्ये लिहिला तरी! विंडोजवरही सरळ तिरकी रेघ चालते, तीच वापरा.

वाचण्याच्या बाजूला खाचखळगे जास्त, पण उथळ. लूपच्या अटीत एकदा रीडलाइन (पुढची ओळ वाचणं) आणि आत पुन्हा एकदा, असं झालं की एकाआड एक शेतकरी गळतो. वाचलेली ओळ व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि नल (ओळी संपल्याची खूण) येईपर्यंत तीच वापरा. तुमच्याकडे शेरा हा शेवटचा रकाना आहे आणि तो बहुतेक वेळा रिकामा असणार. ओळ रकान्यांत तोडणारा स्प्लिट शेवटचे रिकामे तुकडे टाकून देतो, त्यामुळे सहाऐवजी पाचच तुकडे हातात येतात आणि प्रोग्रॅम कोसळतो. स्प्लिटला दुसरा आकडा उणे १ द्या. स्वल्पविरामाऐवजी टॅब वापरा म्हणजे शेऱ्यात कुणी ‘ओली, १ पोतं परत’ असं लिहिलं तरी रकाने सरकणार नाहीत; नोंद लिहिताना मजकुरात आलेल्या टॅबच्या जागी मोकळी जागा टाकायची, झालं. उभी रेघ वापरायचा मोह झाला तर थांबा : स्प्लिट तिला ‘किंवा’ समजतो आणि एकेक अक्षर सुटं करतो.

आकड्यांत एक गंमत आहे. दिवाणजींनी मराठी कीबोर्डवर पोती ‘१२’ टाइप केली तर इंटिजर.पार्सइंट ती बिनतक्रार १२ धरतो. वजन ‘६.४५’ मात्र डबल.पार्सडबलला कळत नाही, नंबरफॉरमॅट एक्सेप्शन येतं. बिगडेसिमलला देवनागरी आकडेही समजतात, आणि वजन गुणिले दर करताना पैशापैशाचा फरकही पडत नाही. डबल तसंही हिशोबाला नको. तेव्हा वजन आणि दर दोन्ही बिगडेसिमलमध्ये, थेट मजकुरावरून बनवलेले.

आणि तो बीओएम. एक्सेल सीएसव्हीतली मराठी नीट दाखवायला तो मागतो, पण जावा वाचताना तो काढून टाकत नाही. पहिल्या ओळीच्या पहिल्या रकान्याला अदृश्य चिन्ह चिकटतं, मग पहिलंच नाव शोधलं तरी सापडत नाही किंवा पहिलाच आकडा आकडा वाटत नाही. ट्रिमनंही ते जात नाही. म्हणून मूळ फाइल बीओएमविना ठेवा आणि मामांना बघायला रोज एक वेगळी प्रत काढून द्या, बीओएमसकट. त्यांनी ती एक्सेलमध्ये उघडी टाकून जेवायला गेले तरी तुमचं लिहिणं अडणार नाही.

दुरुस्तीचं काय? फाइलच्या मधल्या ओळीत ‘१२’चे ‘१२०’ करता येत नाहीत, पुढचे बाइट सरकत नसतात, ते पुसले जातात. दोन रस्ते आहेत. रोजकीर्दीसारखी उलट नोंद टाकायची, म्हणजे चुकलेली पोती उणे करून नवी लिहायची. हिशोबाला हाच रस्ता बरा, कारण काय चुकलं होतं ते दिसत राहतं. किंवा पूर्ण फाइल त्याच फोल्डरात तात्पुरत्या नावानं नव्यानं लिहायची, बंद करायची, आणि मग फाइल्स.मूव्हनं रिप्लेस_एक्झिस्टिंग देऊन जुन्याच्या जागी बसवायची. जुनी फाइल वाचायला उघडी राहिली असेल तर विंडोज अडवू शकतं. फाइल्स.मूव्ह त्याचं कारण सांगतो. जुना रीनेमटू नुसतं फॉल्स परत देतो, आणि ते तपासलं नाही तर तुम्हाला वाटतं, काम झालं.

सरांच्या सल्ल्याबद्दल : ऑब्जेक्टआउटपुटस्ट्रीम परीक्षेत येईल, दुकानात नको. आज ‘नोंद’ क्लासमध्ये सहा रकाने आहेत. उद्या मामा म्हणतील, हमाली आणि तोलाईही घाल. सिरियलव्हर्जनयूआयडी (क्लासचा आवृत्ती क्रमांक) स्वतः लिहून ठेवलेला नसेल तर क्लास बदलल्या दिवशी जुनी फाइल इनव्हॅलिडक्लास एक्सेप्शन देऊन वाचायलाच नकार देते. शिवाय प्रत्येक नवा ऑब्जेक्टआउटपुटस्ट्रीम सुरुवातीला आपला शिक्का मारतो. रोज शेवटाला जोडत गेलात की मध्येच दुसरा शिक्का येतो आणि वाचणारा तिथंच स्ट्रीमकरप्टेड म्हणून थांबतो. आणि नोटपॅडमध्ये उघडून दिवाणजींना दाखवावं असं त्या फाइलमध्ये काही नसतं. सरांचा ऑब्जेक्टचा आग्रह मात्र दुसऱ्या जागी उपयोगी पडेल. ‘नोंद’ क्लासला दोनच कामं द्या : स्वतःची ओळ करणं आणि ओळीवरून नोंद बनवणं. ‘आवकवही’ नावाचा दुसरा क्लास करा, त्याला फाइलचा पत्ता कन्स्ट्रक्टरमधून द्या, आणि जोडणं, वाचणं, प्रत काढणं फक्त तिथंच. बटणांच्या कोडमध्ये फाइल हा शब्दही दिसता कामा नये. आज तुमच्याकडे फाइल तीन-चार ठिकाणी वेगवेगळ्या तऱ्हेनं उघडली जात असणार. एक जागा दुरुस्त केली की दुसरी बिघडते ते म्हणूनच.

वाचताना रकाने सहाच आहेत का हे ओळीगणिक तपासा. तुटलेली ओळ आली तर क्रमांकासह ती वेगळ्या ‘संशयित’ फाइलमध्ये टाका आणि पडद्यावर सांगा. प्रोग्रॅम बंद पाडू नका, आणि ओळ गुपचूप गाळूही नका.

दुकानात बसवायच्या आधी घरी एक चाचणी करा. चाचणीच्या फाइलवर २० नोंदी भरा आणि टास्क मॅनेजरमधून प्रोग्रॅम मारून टाका. पुन्हा उघडल्यावर २० च्या २० दिसल्या पाहिजेत. मग तीच फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दुकानातल्या जावा ८ वर वाचा, तिथं आणखी ५ नोंदी जोडा, घरी आणून जावा २१ वर वाचा. २५ नावं, कुपवाडच्या उकारासकट, जशीच्या तशी आली तर मामांना सांगा. त्यानंतर १५ दिवस वही आणि फाइल दोन्ही चालू राहू द्या, आणि रोज संध्याकाळी पोती नि वजनाची बेरीज दिवाणजींनाच ताडून बघू द्या.